आंतरसरकारी संघटना ओळखायची कशी? नव्याने अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी

भाषांतराच्या कामातून मी या विषयात, म्हणजे देशांच्या सरकारांनी मिळून उभारलेल्या संघटनांच्या अभ्यासात, आले. पहिल्याच वर्षी एका अहवालात 'युरोप परिषद' लिहायचं तिथे मी 'युरोपीय परिषद' लिहिलं आणि ते तसंच छापून गेलं. एका प्रत्ययाचा फरक, पण संघटनाच बदलली. युरोप परिषद ही १९४९ साली स्थापन झालेली, स्ट्रासबर्गला मुख्यालय असलेली, मानवी हक्कांसाठी ओळखली जाणारी ४६ देशांची स्वतंत्र संघटना. युरोपीय परिषद म्हणजे युरोपीय संघातल्या २७ देशांच्या प्रमुखांची बैठक. ती त्या संघाचाच एक अवयव. दोघींचा झेंडाही एकच, निळ्यावर बारा पिवळे तारे. तो आधी युरोप परिषदेने १९५५ मध्ये घेतला आणि पुढे १९८५ मध्ये युरोपीय समुदायानेही, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपानेही, स्वीकारला.

चूक कळल्यावर मला खरी अडचण उमगली. मी संघटना नावावरून आणि बोधचिन्हावरून ओळखत होते. नावात 'संघ', 'परिषद', 'निधी', 'संघटना', 'आयोग' यांपैकी काहीही असू शकतं आणि त्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक संघटनेला ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारते. तोच क्रम खाली देत आहे. परीक्षेसाठी वाचत असाल, बातम्या लिहीत असाल किंवा भाषांतर करत असाल, तरी तो उपयोगी पडेल.

आधी हाताशी काय हवं

- स्थापनेचा दस्तऐवज, आजवरच्या सुधारणांसकट
- सदस्यांची आजची यादी आणि निरीक्षकांची (बैठकीला बसतात, पण मत नसतं अशांची) वेगळी यादी
- मतदानाचे व कामकाजाचे नियम
- ताजा अर्थसंकल्प किंवा वर्गणीचा तक्ता
- यजमान देशाशी झालेला मुख्यालय करार
- एक वही, त्यात प्रत्येक संघटनेला एक पान

यातलं पहिलं सर्वांत महत्त्वाचं. बाकीचं मिळायला वेळ लागला तरी चालेल, पण स्थापनेचा दस्तऐवज न वाचता पुढे जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम १०२ सांगतं की सदस्यदेशांनी केलेला प्रत्येक करार सचिवालयात नोंदवला गेला पाहिजे आणि तो प्रसिद्ध झाला पाहिजे. त्यामुळे १९४५ नंतरचे बहुतेक स्थापना करार संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात सापडतात.

पायरी १: स्थापना कशाने झाली ते पाहा

आंतरसरकारी संघटना साधारणपणे राष्ट्रांमधल्या लेखी कराराने जन्माला येते. या कराराचं नाव मात्र दर ठिकाणी वेगळं. संयुक्त राष्ट्रांची 'सनद', जागतिक आरोग्य संघटना आणि युनेस्को यांची 'घटना', आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा 'करारनामा', आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा 'कायदा'. कायद्याच्या नजरेने हे सगळे करारच. नावावरून कोणता मोठा आणि कोणता छोटा ते ठरवायला जाऊ नका.

करारच सापडला नाही तर थांबा. जी-७ आणि जी-२० यांच्या मागे स्थापना करार नाही, कायमचं सचिवालय नाही. अध्यक्षपद ज्या देशाकडे तोच देश त्या वर्षीचं कामकाज चालवतो. वजन कितीही असो, काटेकोर अर्थाने या संघटना नाहीत. ती देशांची व्यासपीठं आहेत.

काही प्रकरणं सीमारेषेवरची असतात. युरोपातली सुरक्षा व सहकार्य संघटना १९७५ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातून वाढली. तिच्याकडे सचिवालय आहे, कर्मचारी आहेत, प्रत्यक्ष ठिकाणी काम करणारी पथकं आहेत, पण स्थापना करार नाही. म्हणून तिच्या कायदेशीर दर्जावर अजून वाद चालतो. अशा वेळी वहीत 'वादग्रस्त' असं लिहा. ओढूनताणून एका कप्प्यात बसवू नका.

पायरी २: सदस्य कोण आहेत?

करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात 'आंतरराष्ट्रीय संघटना' या शब्दांची व्याख्या अवघ्या एका ओळीत उरकली आहे: आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे आंतरसरकारी संघटना. ओळ त्रोटक आहे, पण मुख्य मुद्दा तिच्यात आला आहे. सदस्य राष्ट्रं आहेत का, हे पाहायचं.

नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. एक जोडी लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, आणि आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघ, म्हणजे आयाटा. दोघांचं मुख्यालय माँट्रियलमध्ये, दोघांचा विषय विमान वाहतूक, नावंही सारखी. आयकाओ १९४४ च्या शिकागो करारातून आली आणि तिचे सदस्य देश आहेत. आयाटा १९४५ मध्ये हवानात स्थापन झाली आणि तिच्या सदस्य विमान कंपन्या आहेत. पहिली आंतरसरकारी, दुसरी व्यापारी संघ.

मानकं ठरवणारी 'आयएसओ' अशीच चकवते. तिच्यात प्रत्येक देशातून एक सदस्य असतो, पण तो देश नसून त्या देशाची मानक संस्था असते. त्यामुळे ती अशासकीय. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती १८६३ पासूनची. जिनिव्हा करारांनी तिच्यावर कामं सोपवली आहेत, १९९० पासून तिला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निरीक्षकाचं स्थान आहे, तरी मुळात ती स्विस कायद्याखालची खासगी संस्था आहे. निरीक्षकांची यादी वेगळी ठेवा म्हटलं ते यासाठीच. निसर्ग संवर्धनासाठीची आययूसीएन तर सरळ मिश्र आहे. राष्ट्रं, सरकारी खाती आणि स्वयंसेवी संस्था हे सगळे तिचे सदस्य असतात.

उलट बाजूचे अपवादही नोंदवा. जागतिक व्यापार संघटनेत युरोपीय संघ स्वतः सदस्य आहे आणि हाँगकाँगही, कारण तिथे स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्रालाही प्रवेश मिळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी बसतात: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे मत देतो. तरीही सदस्य देशच आहे, म्हणून संघटना आंतरसरकारीच.

पायरी ३: तिला स्वतःचं व्यक्तित्व आहे का?

सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पायरी. करार झाला, सदस्य जमले, तरी प्रश्न उरतो: ही संघटना म्हणजे नुसती सदस्यांची बेरीज, की सदस्यांपलीकडे तिचं स्वतःचं काही अस्तित्व आहे?

याचं उत्तर एका हत्येतून मिळालं. पॅलेस्टाइनमध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ म्हणून काम करणारे स्वीडनचे काउंट फोल्के बर्नाडोट यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये गोळ्या घालून हत्या झाली. आपल्या माणसाच्या मृत्यूबद्दल संयुक्त राष्ट्रं स्वतःच्या नावाने भरपाई मागू शकतात का, असं आमसभेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं. तोवर असा दावा फक्त राष्ट्राने करायचा, हीच रीत होती. शिवाय ज्याच्याकडे भरपाई मागायची तो इस्रायल तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सदस्यही नव्हता.

न्यायालयाने ११ एप्रिल १९४९ रोजी सल्लागार मत दिलं: हो, मागू शकतात. सनदेत 'व्यक्तित्व' असा शब्द नसला तरी जी कामं तिच्यावर सोपवली आहेत ती व्यक्तित्वाशिवाय पार पडणारच नाहीत, म्हणून ते गृहीत धरलं पाहिजे; आणि ते सदस्य नसलेल्या देशांपुढेही टिकतं. त्याचबरोबर न्यायालयाने बजावलं की याचा अर्थ संघटना राष्ट्र झाली असा नाही, 'राष्ट्रांवरची महासत्ता' झाली असा तर मुळीच नाही. महिन्याभराने, ११ मे १९४९ रोजी, इस्रायल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला.

तपासायचं काय, तर तीन गोष्टी. संघटनेला कायमचे अवयव आहेत का: सर्व सदस्यांची सभा, निवडक सदस्यांचं मंडळ आणि सचिवालय. ती स्वतःच्या नावाने करार करते का. तिची इच्छा सदस्यांच्या इच्छेहून वेगळी ठरू शकते का. युरोपीय संघाला २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन कराराने स्पष्ट शब्दांत व्यक्तित्व दिलं, आसियानला २००८ मध्ये लागू झालेल्या सनदेने. आसियानची घोषणा १९६७ सालची. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं हा मुद्दा लेखी स्वरूपात मोकळाच राहिला होता.

पायरी ४: अधिकाराची हद्द आखा

राष्ट्राचा अधिकार सर्वसाधारण असतो, संघटनेचा फक्त दिलेला. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं होतं की युद्धात अण्वस्त्रं वापरणं आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे का. ८ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने उत्तर द्यायलाच नकार दिला. अण्वस्त्रांचे आरोग्यावरचे परिणाम हा तुमचा विषय आहे, पण वापर कायदेशीर की बेकायदा हा नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच दिवशी आमसभेने विचारलेल्या जवळपास त्याच प्रश्नावर मात्र न्यायालयाने मत दिलं. प्रश्न तोच, विचारणारा बदलला, की उत्तर मिळतं किंवा मिळत नाही.

म्हणून करारातलं 'उद्दिष्टे' आणि 'कार्ये' असं कलम वहीत शब्दशः उतरवून घ्या. मात्र पायरी ३ मधला धडाही सोबत ठेवा: दिलेलं काम पार पाडायला जे अटळ आहे, ते न लिहिताही दिल्यासारखं मानतात. बहुतेक वाद या दोन टोकांच्या मधेच घडतात.

पायरी ५: निर्णय कसे होतात आणि ते कोणाला बांधतात?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते.

आधी मतदान. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक देश, एक मत. महत्त्वाच्या विषयांना दोन-तृतीयांश बहुमत. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणीही विरोधात मत देता कामा नये. नाटोमध्ये मतदानच होत नाही, सहमतीने चालतं. नाणेनिधीत मतांचं वजन कोट्यावर, म्हणजे निधीतल्या देशाच्या वाट्यावर, ठरतं. मोठ्या बदलांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत, म्हणजे 'नकाराधिकार' हा शब्द न वापरताही तो तिच्या हातात आहे. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत अनेक विषयांवर किमान ५५ टक्के देश आणि त्यांच्यात मिळून ६५ टक्के लोकसंख्या असं दुहेरी गणित असतं.

आता बंधन. आमसभेचे ठराव सदस्यदेशांसाठी बहुतांशी शिफारशी असतात, पण अर्थसंकल्पासारख्या संघटनेच्या आतल्या बाबींत ते बांधतात. सुरक्षा परिषदेचे निर्णय कलम २५ प्रमाणे सदस्यांनी मानायचेच असतात. युरोपीय संघाचे 'विनियम' त्याहून पुढे जातात. ते राष्ट्रीय संसदेने वेगळा कायदा न करताही थेट लागू होतात. या वाटेचा पाया १९६३ मध्ये घातला गेला. एका डच वाहतूक कंपनीने जर्मनीहून आणलेल्या रसायनावरचं वाढीव सीमाशुल्क आव्हानलं आणि समुदायाच्या न्यायालयाने सांगितलं की स्थापना करारातून नागरिकांनाही थेट हक्क मिळतात आणि ते हक्क राष्ट्रीय न्यायालयात मागता येतात.

बातमीत 'संयुक्त राष्ट्रांचा ठराव' असं वाचलंत की पहिला प्रश्न हा विचारा: कोणत्या अवयवाचा?

पायरी ६: आता प्रकार ठरवा

बहुतेक पाठ्यपुस्तकं प्रकारांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ते उलटं आहे. आधीच्या पायऱ्या झाल्या की प्रकार आपोआप पुढे येतात. एक संघटना एकाच वेळी तीन-चार वर्गीकरणांत बसते, त्यामुळे 'ही कुठल्या प्रकारची' असं विचारण्यापेक्षा 'सदस्यत्वाच्या दृष्टीने कुठली, कामाच्या दृष्टीने कुठली' असं विचारा.

सदस्यत्वाच्या दृष्टीने: सर्वांना खुली (१९३ सदस्यांची संयुक्त राष्ट्रे), प्रादेशिक (५५ सदस्यांचा आफ्रिकी संघ, १९४५ पासूनची अरब लीग), किंवा प्रदेशाऐवजी दुसऱ्या निकषावर मर्यादित (तेल निर्यात करणाऱ्यांची ओपेक, १९६० मध्ये बगदादला स्थापन झालेली).

कामाच्या दृष्टीने: सर्वसाधारण, म्हणजे राजकारणापासून संस्कृतीपर्यंत सगळं, किंवा विशिष्ट, म्हणजे टपाल, हवामान, दूरसंचार, संरक्षण असा एकच विषय.

सत्तेच्या दृष्टीने: सहकार्यापुरती, जिथे शेवटचा शब्द देशांचाच, किंवा अधिराष्ट्रीय, जिथे काही विषयांपुरता देशाने आपला अधिकार वर सोपवलेला असतो. दुसऱ्या प्रकाराचं ठळक उदाहरण युरोपीय संघ, पण परराष्ट्र धोरणासारख्या विषयांत तोही मुख्यतः एकमतानेच चालतो. म्हणजे हे वर्गीकरण संघटनेला सरसकट लावू नका, विषयागणिक लावा.

संयुक्त राष्ट्रांशी असलेल्या नात्यासाठी एक ओळ वेगळी ठेवा, कारण तिथला गोंधळ फार जुना आहे. युनिसेफ (१९४६) आणि निर्वासितांसाठीचं उच्चायुक्तालय (१९५०) आमसभेच्या ठरावाने तयार झाले. त्यांना स्वतःचा स्थापना करार नाही, सदस्यदेश नाहीत. ते संयुक्त राष्ट्रांचेच भाग. जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को, नाणेनिधी अशा १५ विशेषीकृत संस्था मात्र स्वतंत्र संघटना आहेत. त्यांचा करार, सदस्य आणि अर्थसंकल्प वेगळा, आणि संयुक्त राष्ट्रांशी त्या एका जोडणी कराराने बांधलेल्या. म्हणूनच कुक बेटं आणि नियुए जागतिक आरोग्य संघटनेत आहेत पण संयुक्त राष्ट्रांत नाहीत, आणि लिक्टेनस्टाइनचं नेमकं उलटं. यांतल्या काही तर संयुक्त राष्ट्रांहून जुन्या: दूरसंचार संघटना १८६५ ची, टपाल संघटना १८७४ ची, श्रम संघटना १९१९ ची. तिसरं वर्तुळ अणुऊर्जा संस्था (१९५७) आणि जागतिक व्यापार संघटना (१९९५) यांचं; संबंध आहे, पण विशेषीकृत संस्थेचा दर्जा नाही.

पायरी ७: पैसा, दाव्यांपासून संरक्षण आणि जबाबदारी

वर्गणीचा तक्ता एकदा तरी नजरेखालून घाला. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अर्थसंकल्पात एका देशाचा वाटा जास्तीत जास्त २२ टक्के आणि कमीत कमी ०.००१ टक्का असतो. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली की कलम १९ प्रमाणे आमसभेतलं मत जाऊ शकतं.

संघटनेवर न्यायालयात दावा लावता येतो का, हा प्रश्न सहसा शेवटी येतो, पण सामान्य माणसाशी तोच सर्वांत जवळचा आहे. आंतरराष्ट्रीय कथील परिषद लंडनमध्ये बसून कथिलाचा भाव टिकवण्यासाठी खरेदी करत असे. ऑक्टोबर १९८५ मध्ये तिचा पैसा संपला. प्रचंड कर्ज थकलं आणि धनकोंनी सदस्यदेशांना कोर्टात खेचलं. १९८९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की कर्ज परिषदेचं आहे, सदस्यदेशांचं नाही. पायरी ३ मध्ये जे व्यक्तित्व बर्नाडोट यांच्या बाजूने उभं राहिलं, तेच इथे देशांची ढाल झालं. दुसरीकडे, मुंद्रा इथल्या वीज प्रकल्पाने नुकसान केलं म्हणून तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी त्याला कर्ज देणाऱ्या, जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळावर अमेरिकेत दावा लावला, तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अमेरिकी कायद्याखाली अशा संघटनांना दाव्यांपासून मिळणारं संरक्षण निरपवाद नाही.

पायरी ८: बाहेर पडायची वाट

ही पायरी छोटी आहे. करारात माघारीचं कलम आहे का ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या करारात दोन वर्षांच्या पूर्वसूचनेची तरतूद होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत काहीच नाही. इंडोनेशियाने १९६५ मध्ये बाहेर पडल्याचं जाहीर केलं आणि १९६६ मध्ये परत जागा घेतली, तेव्हा मधल्या काळाला 'सहकार्य थांबलं होतं' असं मानलं गेलं.

एक पान भरून पाहू: सार्क

स्थापना: ८ डिसेंबर १९८५, ढाका, सनदेने. सदस्य: दक्षिण आशियातले आठ देश, अफगाणिस्तान २००७ मध्ये आला. अवयव: प्रमुखांची परिषद, मंत्रिपरिषद, काठमांडूतलं सचिवालय. काम: सर्वसाधारण, प्रादेशिक. सत्ता: सहकार्यापुरती. निर्णय: सर्व पातळ्यांवर एकमताने, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेतून वगळलेले, दोन्ही अटी सनदेच्या दहाव्या कलमात आहेत. शिखर परिषद शेवटची झाली ती २०१४ मध्ये. पुढची २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती, ती झाली नाही. एकमताचा नियम आणि हे थांबणं शेजारी शेजारी लिहिलं की सार्कबद्दल पुष्कळ कळतं.

पानाच्या डोक्यावर भरल्याची तारीख घाला आणि सदस्यसंख्या पेन्सिलीने लिहा. नाटोच्या पानावर मी ३० लिहिलं होतं. २०२३ मध्ये फिनलंड आला, ते ३१ झालं, २०२४ मध्ये स्वीडन आला, ३२ झालं.